चूक टांकसाळीची की नंतरची? चलनी नाण्यांवरील दोषांची समोरासमोर पारख

सुट्ट्या पैशांत एखादे नाणे वेगळे दिसते. त्यावरचा आकडा दुहेरी भासतो, किनार एका बाजूने चेपलेली असते, किंवा नेहमीच्या रुपेरी रंगाऐवजी एक बाजू तांबूस असते. असे नाणे हाती आले की तीन गोष्टी करता येतात: ते खर्चून टाकता येते, बाजूला काढून जपता येते, किंवा शुल्क भरून एखाद्या प्रमाणीकरण संस्थेकडे पाठवता येते. या तिन्हींतून निवड करताना बहुतेक जण नाणे किती चमत्कारिक दिसते यावर विसंबतात आणि तिथेच फसगत होते. अत्यंत चमत्कारिक दिसणारी पुष्कळ नाणी टांकसाळीतून निर्दोष बाहेर पडलेली असतात. त्यांची दुर्दशा पुढे कोणाच्या हातोडीने, वाइसच्या जबड्याने, आम्लाने किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राने केलेली असते. उलट काही अस्सल चुका इतक्या साध्या असतात की भिंगाखाली धरल्याशिवाय त्या कळतही नाहीत.

म्हणून पुढे चुकांची नुसती यादी दिलेली नाही. दिसायला सारख्या असलेल्या खुणा जोडीने समोर ठेवल्या आहेत, एक टांकसाळीतली आणि दुसरी बाहेरची किंवा बिनमोलाची, म्हणजे हातातले नाणे त्यांपैकी कोणत्या बाजूला बसते हे वाचकाला स्वतः ठरवता येईल.

प्रहाराआधी, प्रहाराच्या क्षणी आणि नंतर

नाणे कसे घडते हे थोडक्यात डोळ्यांसमोर असल्याशिवाय कोणतीच तुलना नीट करता येत नाही. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडल्या जातात, त्या तापवून मऊ केल्या जातात, धुऊन वाळवल्या जातात, आणि मग कडेने दाबून त्यांची किनार किंचित उचलली जाते. ही कोरी चकती छापणीच्या यंत्रात दोन पोलादी डायांच्या, म्हणजे नाण्याचे चित्र खोलात असलेल्या साच्यांच्या, मध्ये येते आणि त्यांच्या प्रहाराने तिच्यावर चित्र उमटते; तिच्याभोवती कॉलर नावाचे कडे असते, जे धातूला बाहेर पसरू देत नाही आणि काठ दातेरी असेल तर त्याचे दातेही पाडते. आधुनिक यंत्र मिनिटाला ७५० पर्यंत नाणी छापू शकते. या वेगात चकती वेडीवाकडी आली, डाय तडकली किंवा मध्ये काही अडकले, तर ते लक्षात येईपर्यंत बरीच नाणी पुढे गेलेली असतात.

अस्सल चुका त्यामुळे तीन घरांत वाटल्या जातात: चकतीच्या, डायच्या आणि प्रहाराच्या. चौथे घर म्हणजे नाणे यंत्रातून बाहेर पडल्यानंतर त्याला झालेली इजा. संग्राहकाच्या दृष्टीने पहिल्या तीन घरांना अर्थ आहे, चौथ्याला नाही. कोणती खूण कोणत्या घरातली हे ओळखण्याची एक किल्ली फार उपयोगी पडते: डायवर जे खोल असते ते नाण्यावर उठून येते. म्हणून डायला तडा गेला किंवा तिचा कपचा उडाला, तर नाण्यावर उठलेली रेघ किंवा उठलेला गोळा दिसतो. नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा मात्र धातू उकरून खाली जातो आणि उकरलेल्या धातूची बारीक वरंबी त्याच्या दोन्ही कडांना उभी राहते. खूण उठलेली आहे की खोल आहे, एवढा एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तरी निम्मी नाणी लगेच खर्चाच्या डब्यात जातात.

दुहेरी अक्षरे: तीन सारखे चेहरे

सर्वाधिक घोळ होतो तो दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांत, म्हणून इथे थोडे थांबणे योग्य आहे.

खरी ‘डबल डाय’ ही छापणीच्या यंत्रात घडतच नाही. ती त्याच्या आधी, डाय तयार होताना घडते. हब नावाच्या पोलादी ठोकळ्यावर नाण्याचे चित्र उठावात असते आणि तो हब डायच्या पोलादात दाबून चित्र खोलात उतरवले जाते. पूर्वी एका दाबात चित्र पुरेसे खोल उतरत नसे, म्हणून डाय पुन्हा तापवून मऊ करीत आणि त्याच हबाने दुसऱ्यांदा, कधी त्याहून अधिक वेळा दाबीत. दोन दाबांच्या मध्ये हब आणि डाय केसभर जरी फिरले, तरी डायवर दोन चित्रे एकावर एक बसतात आणि त्या डायने छापलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा उतरतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया टांकसाळीतला १९५५ चा लिंकन सेंट, म्हणजे लिंकन यांचे चित्र असलेले एक सेंटचे नाणे, हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. त्याची दर्शनी बाजू नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसते, आणि अशी सुमारे २०,००० ते २४,००० नाणी चलनात गेली असा अंदाज सांगितला जातो.

याच्या शेजारी ठेवावा तो यंत्राचा दुहेरीपणा, ज्याला संग्राहक ‘मशीन डबलिंग’ म्हणतात. डाय यंत्रात सैल बसलेली असेल तर प्रहार झाल्यावर मागे सरताना ती किंचित घसरते किंवा उसळते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू तासून टाकते. भिंगाखाली दोघांतला फरक स्पष्ट आहे. डबल डायमध्ये अक्षराची एकूण जाडी वाढलेली असते, दोन्ही प्रतिमांना गोलवा असतो आणि अक्षरांच्या टोकांशी, म्हणजे जिथे दोन प्रतिमा वेगळ्या होतात तिथे, खाच पडलेली दिसते. यंत्राच्या दुहेरीपणात जाडी वाढत नाही. मूळ अक्षरच तासले गेल्याने ते अरुंद होते आणि त्याच्या पायथ्याशी एक सपाट, चकचकीत पायरी तयार होते. ही पायरी गोलसर नसते, ती फळीसारखी सपाट असते. डबल डायमध्ये धातू वाढलेला दिसतो आणि यंत्राच्या दुहेरीपणात तो खाल्लेला दिसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी काम भागते.

तिसरा चेहरा झिजलेल्या डायचा. लाखो प्रहार सोसून डायचे पोलाद झिजते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि अक्षराभोवती एक फुगीर, धूसर सावली दिसू लागते. नाण्याच्या मोकळ्या जागेवर मध्यापासून किनारीकडे जाणाऱ्या बारीक रेषा आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा असेल, तर ही सावली म्हाताऱ्या डायची आहे असे समजावे. १९५५ च्याच सेंटचा एक प्रकार ‘गरिबाची डबल डाय’ म्हणून ओळखला जातो. त्यात सालाचा शेवटचा पाचाचा आकडा दुहेरी भासतो, पण तो भास झिजलेल्या डायचा आहे. एकाच वर्षाच्या, एकाच जातीच्या नाण्यांत अस्सल आणि भासमान दुहेरीपणा असा शेजारी शेजारी सापडणे शिकणाऱ्याच्या फार सोयीचे आहे.

माझ्याकडे असेच एक नाणे कित्येक महिने कापसात गुंडाळून ठेवलेले होते. त्याच्या सालातले चारही आकडे मला स्वच्छ दुहेरी दिसत होते. एके दिवशी दिवा एका बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरला, तेव्हा प्रत्येक आकड्याच्या उजवीकडे एक सपाट पायरी आरशासारखी चमकली आणि चारही आकडे शेजारच्या साध्या नाण्यातल्या आकड्यांपेक्षा बारीक निघाले. त्या संध्याकाळी ते नाणे पुन्हा सुट्ट्या पैशांत गेले. वरून पडणाऱ्या उजेडात ही पायरी दिसत नाही, एवढे शिक्षण त्याने दिले.

अमेरिकी टांकसाळीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस डाय एकाच दाबात उतरवण्याची पद्धत स्वीकारली, म्हणून त्यानंतरच्या नाण्यांत डबल डाय असूच शकत नाही असे म्हटले जाते. ते बरोबर नाही. दाबाच्या सुरुवातीला डाय किंचित कलून बसली आणि मग सरळ झाली, तर एकाच दाबातही दुहेरी चित्र उमटते. फरक इतकाच की असा दुहेरीपणा बहुधा नाण्याच्या मध्याजवळ आणि थोडाच असतो. काठाजवळच्या अक्षरांत दूरवर पसरलेला दुहेरीपणा नव्या नाण्यावर दिसला, तर आधी यंत्राच्या दुहेरीपणाची शंका घ्यावी.

जस्तावर तांब्याचा मुलामा असलेल्या नाण्यांचा घोळ आणखी निराळा. प्रहारात अक्षर उठताना त्याच्या कडेशी मुलामा ताणला जाऊन फाटतो आणि खालचे करडे जस्त बारीक रेघेसारखे उघडे पडते. दुरून ती रेघ दुसऱ्या अक्षरासारखी वाटते. रंग वेगळा असेल आणि उठाव नसेल, तर पुढे पाहायची गरज नाही.

आकार बिघडलेली नाणी: कापलेली, पसरलेली, सरकलेली

नाण्याचा एक तुकडा गेलेला दिसला तर प्रश्न पडतो की तो चकती पाडतानाच गेला, की नंतर कोणी कापला. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पाडणारा ठसा आधीच्या छिद्रावर चढतो आणि नव्या चकतीला अर्धचंद्राकृती खोबण पडते. पट्टीच्या टोकावर पडला तर कड सरळ किंवा ओबडधोबड येते. अशा चकतीवर पुढे किनार उचलताना एक गमतीचा परिणाम होतो. किनार उचलणाऱ्या यंत्रात चकती समोरासमोरच्या दोन बाजूंनी दाबली जाते, पण जिथे तुकडाच नाही तिथे दाब मिळत नाही, म्हणून त्याच्या बरोबर समोरच्या बाजूची किनारही अर्धवटच उठते. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कापाच्या समोर किनार पुसट असेल आणि कापाजवळची अक्षरे कापाकडे किंचित ओढली गेलेली असतील, तर चूक अस्सल असण्याची शक्यता बळकट होते. नंतर कापलेल्या नाण्याची समोरची किनार ठणठणीत असते, अक्षरे मधेच तुटतात आणि कापाच्या कडेवर करवतीचे किंवा कात्रीचे चरे दिसतात. प्रत्येक अस्सल कापात हा परिणाम दिसेलच असे नाही. तो दिसला तर बाजूने बोलतो, नसला म्हणून नाणे आपोआप बाद होत नाही.

पसरलेल्या नाण्यांची तुलना त्याहून सोपी आहे. कॉलर जागेवर नसताना प्रहार झाला तर धातू मोकळेपणाने बाहेर पसरतो. नाणे नेहमीपेक्षा रुंद होते, काठावरचे दाते नाहीसे होतात, पण मधले चित्र पूर्ण आणि तजेलदार राहते. हातोडीने ठोकलेले नाणेही रुंद होते, मात्र त्याचे चित्र चिरडलेले असते. वाळवणाऱ्या यंत्राच्या पिंपात अडकून दीर्घकाळ आपटत राहिलेले नाणे मात्र उलट लहान होते: त्याची किनार जाड होऊन आत वळते आणि काठाजवळची अक्षरे किनारीखाली दबू लागतात. अशी नाणी ‘चुकीच्या चकतीवर छापलेली’ म्हणून वरचेवर दाखवली जातात. कॅलिपरने व्यास मोजला की बहुतेक शंका फिटते.

छाप सरकलेला असेल तर दोन्ही बाजू पाहाव्यात. चकतीच कॉलरच्या बाहेर सरकली असेल तर दोन्ही बाजूंचे चित्र सरकते आणि एका कडेला कोरी चंद्रकोर उरते. ही प्रहाराची चूक आहे आणि तिच्यात साल शाबूत दिसत असेल तर संग्राहक तिला अधिक पसंती देतात. एकाच बाजूचे चित्र सरकले असून दुसरी बाजू बरोबर मध्यात असेल, तर वरची डाय यंत्रात तिरकी बसलेली होती इतकाच अर्थ निघतो. हा प्रकार बऱ्यापैकी सामान्य आहे आणि त्याच्यावर शुल्क खर्चण्याजोगे त्यात फारसे नसते.

धातू आणि वजन: डोळ्यांपेक्षा काटा बरा

रंगावरून काढलेला निष्कर्ष सर्वांत कच्चा असतो. इथे ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा बाकी सर्व साधनांपेक्षा भरवशाचा आहे.

अनेक देशांची आजची नाणी थरांची किंवा मुलाम्याची असतात. अमेरिकी क्वार्टरमध्ये, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यात, मध्यभागी तांबे आणि दोन्ही बाजूंना तांबे-निकेल मिश्रधातूचे थर असतात. त्याचे प्रमाण वजन ५.६७ ग्रॅम आहे. चकती पाडण्याआधीच एका बाजूचा थर सुटून गेला असेल तर नाण्याची ती बाजू पूर्ण तांबडी दिसते आणि वजन सुमारे ४.७ ग्रॅमपर्यंत उतरते. याउलट जमिनीत पुरले गेलेले, उष्णतेने किंवा रसायनाने तांबूस पडलेले क्वार्टर वजनात जवळजवळ पूर्ण भरते. बाजू तांबडी आणि वजन पूर्ण असेल, तर तो डाग आहे. आम्लात बुडवलेले नाणे मात्र वजनातही कमी भरते, म्हणून त्याचे चित्र पाहावे. आम्ल सगळीकडून सारखे खाते: अक्षरे साबणासारखी गुळगुळीत होतात, व्यास घटतो, किनार पातळ होते. थर सुटलेल्या बाजूवर जो प्रहार झाला तो ताज्या धातूवर झालेला असतो, म्हणून अक्षरांच्या कडा तिथे टोकदार राहतात.

चुकीच्या धातूच्या चकतीवर छापलेल्या नाण्यांत १९४३ च्या तांब्याच्या, खरे तर कांस्याच्या, सेंटचा मान मोठा आहे. युद्धासाठी तांबे वाचवावे म्हणून त्या वर्षी अमेरिकी सेंट जस्ताचा लेप दिलेल्या पोलादाचे केले गेले. आधीच्या वर्षाच्या उरलेल्या काही कांस्य चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांच्यावर १९४३ चा छाप पडला. पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅमचा असतो आणि चुंबकाला चिकटतो. अस्सल कांस्य सेंट सुमारे ३.११ ग्रॅमचा असतो आणि चिकटत नाही. पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा देऊन बनवलेली नक्कल चुंबकाच्या एका स्पर्शात उघडी पडते. दुसरी नक्कल अधिक लबाड आहे: १९४८ च्या सेंटमधील आठाचा अर्धा भाग तासून त्याचा तीन केला जातो. त्याला चुंबक लागत नाही, वजनही बरोबर भरते, म्हणून तिथे तीनाच्या आकड्याची घडण अस्सल १९४३ च्या पोलादी नाण्याशी ताडून पाहावी लागते. एकच चाचणी पार पडली म्हणून हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

हरवलेली अक्षरे आणि उगवलेल्या रेषा

अक्षर गायब असण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली थोडीच मोलाची आहेत. डायच्या खाचेत वंगणाचा मळ साचला तर ते अक्षर पुसट येते किंवा येतच नाही. कान्सास राज्याच्या नावाच्या २००५ च्या क्वार्टरवर ‘इन गॉड वी ट्रस्ट’ या वाक्यातल्या ‘ट्रस्ट’ शब्दाचे पहिले अक्षर असेच बुजले, ‘रस्ट’ एवढेच उरले आणि वाक्याचा अर्थ देवावर विश्वासाऐवजी गंजाकडे वळला. विनोदामुळे नाणे प्रसिद्ध झाले, पण वंगणाने बुजलेली अक्षरे ही एरवी अगदी रोजची बाब आहे. अशा जागी धातूचा मूळ तजेला टिकून असतो. घासून झिजलेल्या अक्षराच्या जागी तो नसतो आणि आजूबाजूची उंच अक्षरेही तितकीच झिजलेली असतात. डाय अति घासून साफ केल्यानेही चित्राचा भाग जातो. १९३७ साली डेन्व्हर टांकसाळीत छापलेल्या ‘तीन पायांच्या’ गव्याच्या पाच सेंटच्या नाण्याचा चौथा पाय असाच गेला. त्याच्याही नकला नंतर पाय तासून केल्या गेल्या, पण तासलेल्या जागेवर हत्याराचे चरे राहतात आणि अस्सल नाण्यात त्या डायच्या इतर खुणाही बरोबर असाव्या लागतात.

काठावरची अक्षरे हा वेगळाच प्रकार आहे. २००७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या चित्राच्या अमेरिकी डॉलर नाण्यांवर काठाची अक्षरे छापणीनंतर स्वतंत्र यंत्रात उमटवली जात होती, आणि काही नाणी त्या यंत्रातून न जाताच बाहेर पडली. अस्सल नाण्याचा काठ गुळगुळीत असतो आणि व्यास प्रमाणात असतो. काठ कानशीने घासून अक्षरे घालवलेल्या नाण्याचा व्यास घटलेला आणि काठ चऱ्यांचा असतो.

उठलेल्या रेषांविषयी वर सांगितलेच आहे. त्यात भर इतकीच की मुलाम्याच्या नाण्यांवर वायूचे फुगे येतात आणि ते डायच्या कपच्यांसारखे दिसतात. फुगा गोल, मऊ असतो आणि दातकोरणीच्या टोकाने हलके दाबला तर कधी कधी बसतो. कपच्याचा उठाव घट्ट, कोनदार असतो आणि बहुधा अक्षरांच्या मधल्या अरुंद जागी सापडतो, जसा जुन्या लिंकन सेंटच्या ‘लिबर्टी’ शब्दात. डायवर बाहेरून बसलेला घाव मात्र क्वचित मोठे नाव मिळवतो: २००४ च्या विस्कॉन्सिन क्वार्टरवर मक्याच्या कणसाला एक जास्तीचे पान उगवल्यासारखे दिसते, आणि ते डायवरच्या अशाच घावातून आलेले आहे.

दोन चेहऱ्यांची, उलट्या छापाची आणि दोन धातूंची नाणी

दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेले नाणे दाखवून लोक विचारतात, आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते: जादूगाराचे नाणे. एक नाणे पोखरून त्यात दुसऱ्याची पातळ केलेली चकती बसवलेली असते. किनारीच्या आतल्या कडेने फिरणारा केसाइतका सांधा भिंगातून दिसतो, आणि टेबलावर टाकले तर खणखणीत आवाज येण्याऐवजी ते बद्द वाजते. याच्या शेजारी ठेवण्याजोगी अस्सल चूक म्हणजे ‘म्यूल’, म्हणजे खेचर: दोन वेगवेगळ्या नाण्यांच्या, एकत्र यायला नको असलेल्या डायांनी छापलेले नाणे. २००८ साली ब्रिटनच्या २० पेन्सच्या नाण्याची रचना बदलताना साल मागच्या बाजूवरून दर्शनी बाजूवर हलवले गेले. नवी मागची डाय जुन्या दर्शनी डायशी जोडली गेली आणि कोठेच साल नसलेली नाणी चलनात आली. म्यूल ओळखताना सांधा नसावा, वजन पूर्ण भरावे आणि काठ एकसंध असावा, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात.

उलटा, आरशातल्यासारखा आणि खोल छाप दिसला तर तो ‘ब्रॉकेज’ असू शकतो: आधीचे नाणे डायला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा उमटला. त्याची नक्कल म्हणजे दोन नाणी वाइसमध्ये एकमेकांवर दाबणे. ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला नाण्याचे स्वतःचे चित्र नसते, फक्त खोल उलटे चित्र असते. दाबलेल्या नाण्यात स्वतःचे चित्र खाली चिरडलेले असते आणि त्यावर उलट्या अक्षरांचे काही तुकडे चढलेले असतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की चूक होत नाही.

दोन धातूंच्या नाण्यांत मधली चकती आणि बाहेरचे कडे प्रहाराच्या क्षणीच एकमेकांत बसतात आणि दोन्हींवर एकाच डायने चित्र उमटते. म्हणून मधली चकती जागेवरून सरकलेली असली तरी सांध्यावरून जाणारे चित्र अखंड असले पाहिजे. मधले चित्र बाहेरच्या चित्राच्या तुलनेत फिरलेले किंवा उलटे असेल, तर चकती नंतर ठोकून काढून परत बसवलेली आहे. असे नाणे टांकसाळीत तयारच होऊ शकत नाही.

फिरलेल्या छापाविषयी एक सावधगिरी. काही देशांत नाणे डावी-उजवीकडून उलटवले की मागचे चित्र सरळ येते, काही देशांत वर-खालून. परक्या देशाचे नाणे हाती आल्यावर ‘मागची बाजू उलटी आहे’ असे वाटणे बहुधा या प्रथेमुळे असते. त्याच देशाचे दुसरे नाणे शेजारी धरून मगच कोन मोजावा.

साधने आणि निर्णय

भिंग, काटा, कॅलिपर, चुंबक आणि एका बाजूने उजेड टाकणारा दिवा एवढे पुरते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग मी संगणकाला जोडायच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा वरचे मानतो. शंभरपट मोठे करून पाहिले तर प्रत्येक नाणे चुकीचे दिसते: चलनातले सामान्य ठोके, मुलाम्याच्या भेगा, बोटाचे डाग, सगळेच शोध वाटू लागतात. पाच ते दहापटीत न दिसणाऱ्या दुहेरीपणाला बाजारातही फारसा रस मिळत नाही. आणखी एक, नाणे कधीही घासू नये. साफ केलेल्या अस्सल चुकीचे मोल झिजलेल्या अस्सल चुकीहूनही कमी होऊ शकते. आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये, कारण त्यातून सुटणारा चिकट हिरवट थर धातू खातो.

निर्णयासाठी आणखी एक भेद उपयोगी आहे. डायची चूक पुनरावृत्त होते: त्याच डायने छापलेल्या इतर नाण्यांवर तीच खूण त्याच जागी असते. चकतीची किंवा प्रहाराची चूक सहसा एकटी असते. म्हणून दुहेरी अक्षर, जास्तीची रेघ किंवा तडा यांबाबत घाई करण्याऐवजी त्याच सालाची आणखी नाणी तपासावीत. तीच खूण दुसऱ्यांदा सापडली तर ती इजा नाही हे जवळजवळ सिद्ध होते, कारण दोन नाण्यांना नेमका तोच अपघात होत नाही. सरकलेला छाप, कापलेली चकती किंवा ब्रॉकेज यांना मात्र जोडीदार सापडायचा नाही, तिथे नाण्यावरच्या पुराव्यावरच ठरवावे लागते.

त्यावरून माझा स्वतःचा व्यवहार असा आहे. यंत्राचा दुहेरीपणा, झिजलेल्या डायची सावली, वंगणाने बुजलेले एखादे अक्षर, एका बाजूचा किंचित तिरका छाप आणि मुलाम्याचे फुगे हे सगळे मी खर्चून टाकतो. डायचे तडे, लहान काप आणि थोडासा पसरलेला छाप जपून ठेवतो, कारण ते अस्सल असतात आणि शिकायला बरे पडतात, पण प्रमाणीकरणाचे शुल्क त्यांच्या मोलापेक्षा जास्त होण्याचीच भीती असते. पीसीजीएस, एनजीसी किंवा एएनएसीएस यांच्यासारख्या प्रमाणीकरण संस्थेकडे पाठवावे असे मला वाटते ते फक्त चुकीच्या धातूवरचे नाणे, म्यूल, पूर्ण ब्रॉकेज, सुटलेला थर, आणि ज्याची नोंद आधीच झालेली आहे अशी मोठी डबल डाय. यांच्या नकला सर्वाधिक बनतात, आणि विकत घेणारा शिक्क्याशिवाय पुढे येत नाही. पाठवण्याआधी वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची बाजूच्या उजेडातली छायाचित्रे स्वतःकडे नोंदवून ठेवावीत. त्यांतले एखादे जरी न जुळणारे निघाले, तर नाणे घरीच ठेवावे.

ज्यांच्याबाबत ठरत नाही अशी काही नाणी माझ्याकडेही आहेत. त्यांच्या कागदी पाकिटावर वजन, व्यास आणि शंकेचे एक वाक्य लिहिलेले आहे. त्यांतल्या एकावर ‘समोरची किनार पुसट, पण कापाच्या कडेवर एक चरा’ असे आहे. तो चरा चकती पाडतानाचा की नंतरचा, हे त्याच सालाचे दुसरे कापलेले नाणे शेजारी ठेवल्याशिवाय ठरवायचे नाही, असे मी ठरवले आहे.